पाठीवर ठेवलेला हात

मला राग लवकर येतो. नांदेडला कायदा शिकत होते तेव्हापासून सगळे सांगत आले की, बाई, हा स्वभाव वकिलीत चालायचा नाही. वीस वर्षं झाली, चालून राहिलाय. पण आजवर मी सगळ्यात जास्त चिडले असेन ती देवणीकडच्या एका सत्तरीतल्या पक्षकारावर. ते माझ्याकडे फसवणुकीचा दावा लावायला आले होते आणि म्हणत होते, "मी फसलो असं तेवढं लिहू नका." आता काय डोकं फोडून घ्यायचं!

त्यांना मी मामा म्हणायची. पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील. तालुक्याच्या कोर्टासमोर माझं लहानसं ऑफिस आहे, तिथं ते सकाळी सकाळी येऊन बसले, पिशवीतून एक दावं काढलं आणि माझ्या फायलींवर ठेवलं. गुरं बांधायचं साधं सुताचं दावं, टोकाला काळ्या लोकरीचा गोंडा.

"ह्यो बगा पुरावा," मामा म्हणाले.

"कशाचा?"

"आमची कालवड गेली त्याचा."

मग तासभर मी ऐकत बसले. मामांच्या जोडीतला एक बैल म्हातारा होऊन गेला होता. मागं राहिला त्याचा जोडीदार, देवणी जातीचा वानेरा, म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. भावकीत ट्रॅक्टर दोन आहेत, पण मामांना वखराची पाळी बैलांनीच घालायची असते. त्या वानेऱ्याला शोभेल असा जोडीदार ते दोन वर्षं शोधत होते. शेवटी बाजारात एका व्यापाऱ्याकडे सापडला. मामांनी दात बघितले, खुरं बघितली, वशिंड चाचपलं, चालवून बघितला. सगळं एक नंबर. व्यापारी म्हणाला, पैसे नकोत, तुमच्या दावणीची ती वानेरी कालवड द्या आणि बैल घेऊन जा. मामांनी दिली.

खरं तर कालवड मामांची नव्हतीच, मावशींची होती. मावशी म्हणजे मामांची बायको. कालवडीची आई वितानाच मेली, तेव्हा मावशींनी तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. ती मावशींच्या मागं मागं स्वयंपाकघरात यायची, पिठाच्या डब्यात तोंड घालायची, पाठीत धपाटा खायची आणि परत यायची. मामांनी मावशींना न विचारता सौदा करून टाकला. बैल देखणा होता, भुलले बिचारे.

आमच्याकडे जनावर दिलं तरी दावं देत नाहीत. जनावर जातं, दावं घरात राहतं. तर मामा बैल घेऊन घरी आले, मावशींनी खुंटीवरचं ते रिकामं दावं काढलं आणि मामांच्या ताटाजवळ आणून ठेवलं. "कालवड ह्या दाव्याला बांधा, तवा बोलते तुमच्याशी," एवढं म्हणाल्या आणि गप्प झाल्या त्या झाल्याच.

"भाकर देती, पानी देती, पाय दुखला तर तेल बी आनून ठेवती," मामा सांगत होते. "पन बोलत न्हाई, ताई. एक शब्द न्हाई. घर खायला उठतंय."

मला हसू येत होतं. मी ते दाबलं, कारण मामांचे डोळे भरले होते.

आणि तो बैल? पहिल्याच दिवशी वखराला जुंपला. या बांधापासून त्या बांधापर्यंत चार फेऱ्या नीट चालला आणि पाचव्या फेरीला भर शेतात खाली बसला, जुवासकट. शेपटी पिळा, हाका मारा, कासरा ओढा, हा आपला डोळे मिटून रवंथ करतोय. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. असल्या बैलाला आमच्याकडे बसका म्हणतात. आणि बसका बैल उभा असताना कुणाला ओळखता येत नाही, जुंपल्यावरच कळतं.

"बाजारात विचारलं नाही का मामा तुम्ही?"

"इचारलं की! औताला कसाय म्हनलं. तर त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला आन् म्हनला, लेकरागत चालतो, बसला तर तुमची चप्पल आन् माझं डोकं."

जनावराच्या पाठीवर हात ठेवून बोलणं ही त्या बाजारात शपथच धरतात. त्यानंतर "जुंपून दाखव" म्हणायचं म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणायचं. मामांच्या पिढीतला माणूस ते करायचा नाही. म्हणून मामांनी बैल जुंपून बघितला नाही.

कायद्यात हे बसतं का? अगदी बसतं. खोटी गोष्ट खरी म्हणून सांगितली, सांगणाऱ्याला ती खोटी असल्याचं माहीत होतं, आणि ऐकणाऱ्यानं त्यावर भरवसा ठेवून करार केला, एवढं सिद्ध झालं की करार रद्द करून मागता येतो. बैल त्याला परत, कालवड आपल्याला परत. सांगायला दोन वाक्यं लागतात, सिद्ध करताना घाम फुटतो.

आमच्या कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली एक चाचा टायपिंगला बसतात. त्यांचे वडील त्याच झाडाखाली लोकांचे अर्ज लिहायचे. चाचांच्या हाताखालून इतके दावे गेलेत की अर्धी वकिली त्यांना येते, आणि ती माझ्यावर चालवायला ते कधी लाजत नाहीत.

"खाली धोका दिया लिखे तो नै चलता, मॅडम," चाचा म्हणाले. "कब बोला, किधर बोला, हात कौनसा रखा, सब डालो."

म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं का? पण मी मुकाट्यानं मामांना विचारलं, आणि 'उजवा हात' असं घातलं.

दावा तयार झाला तसा मी मामांना वाचून दाखवायला लागले. 'वादीने प्रतिवादीच्या सांगण्यावर भरवसा ठेवला व त्यामुळे वादीची फसवणूक झाली,' इथपर्यंत आले आणि मामांनी हात वर केला.

"ह्ये काढा."

"काय काढा?"

"भरवसा ठेवला ते. मी कुनाच्या सांगन्यावर जनावर घेत न्हाई. सोताच्या डोळ्यानं बघतो. त्याला फसवनारा म्हना, लबाड म्हना, काय म्हनायचं ते म्हना. मी फसलो म्हनू नका."

मी समजावून सांगितलं. एकदा, दोनदा, चारदा. मामा, तुम्ही फसला नाहीत तर त्यानं फसवलं कुणाला? भरवसा ठेवलाच नाही म्हणालात तर व्यापाऱ्याचा वकील उभा राहून म्हणेल, पारखी माणूस आहे, स्वतः तपासून घेतला, मग आता रडतोय कशाला? आणि कोर्ट ते ऐकेल. मामा मान हलवायचे आणि परत तिथंच यायचे. शेवटी खरं काय ते बाहेर आलं. चाळीस वर्षं आसपासच्या गावांतले लोक जनावर घ्यायचं म्हटलं की मामांना घेऊन जायचे. पोरीचं स्थळ बघताना लोक एवढा सल्ला घेत नाहीत.

"जीपमधी फुडच्या शीटवर बसवून नेतात मला," मामा म्हणाले. "मी फसलो असं कोर्टात लिवलं तर उद्या कोन नेईल?"

आणि माझा तोल गेला. "मामा, तुम्हाला कालवड पाहिजे का जीपमधली पुढची सीट?" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की चाचांचं टायपिंग थांबलं.

मामा उठले. दावं पिशवीत घातलं, रामराम केला आणि निघून गेले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हाताऱ्या माणसाला काय बोलून बसले, असं सारखं वाटत राहिलं. चाचांनी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी मामांना घेऊन मावशी आल्या. बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर वकिलाला घाबरवणारा करारीपणा. त्या बाकाच्या एका टोकाला बसल्या, मामा दुसऱ्या टोकाला. मध्ये हातभर जागा.

"ताई, त्यांना सांगा," मावशी मला म्हणाल्या, "सही करा म्हनावं."

"मावशी, ते इथंच बसलेत."

"तुमी सांगा."

मी सांगितलं. मामांनी सही केली, पण दातओठ खाऊन. मला कळलं होतं की सही करणं वेगळं आणि पिंजऱ्यात उभं राहून ते तोंडानं म्हणणं वेगळं. कालवड दुसऱ्या कुणाला विकू नये असा मनाई हुकूम आम्ही लगेच मिळवला, तेवढं एक बरं झालं.

मधे कोर्टानं बैल बघायला एक तरुण वकील कमिशनर म्हणून पाठवला. त्या दिवशी तो बैल असा चालला की काय सांगू! पाच फेऱ्या, सहा, सात. व्यापारी बांधावर उभा राहून मिशीतल्या मिशीत हसत होता आणि माझं तोंड कडू झालं होतं. कमिशनरनं पंचनाम्यावर सही करायला पेन उघडलं आणि आठव्या फेरीला बैल धपकन बसला. पंचांसकट सगळे खो खो हसले. मामा तेवढे हसले नाहीत. त्यांनी जू उतरवलं आणि बैलाची मान खाजवत बसले.

"जनावर वाईट न्हाई, ताई. ल्हानपनी कुनीतरी लई मारलं असंल त्याला," म्हणाले.

बैल बसका आहे हे सिद्ध झालं. आता व्यापाऱ्याला ते आधी माहीत होतं, हे दाखवायचं होतं. त्यानं जबाबात लिहून दिलं होतं की मला काय ठाऊक, बैल मी नुकताच बाहेरून आणला होता. आता माणसाच्या मनातलं कसं सिद्ध करायचं? बैलाच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला होता. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्यावरचा नंबर मोबाइलवर टाकून बघितला. आदल्या वर्षी त्या बैलाला लस टोचली होती ती लोहा तालुक्यातल्या एका गावात, एका शेतकऱ्याच्या नावावर. लोहा मला नांदेडला माहेरी जाताना वाटेतच लागतं. पुढच्या रविवारी मी उतरले.

शेतकरी चाळिशीचा, धिप्पाड गडी. चहा ठेवला, खुर्ची पुसून दिली. बैलाचं नाव काढलं आणि त्याचा चेहराच पडला. त्यानंही तो याच व्यापाऱ्याकडून घेतला होता. तसाच पाठीवर हात ठेवून. दुसऱ्या दिवशी गावात लस टोचून घेतली, तिसऱ्या दिवशी जुंपला तर बसला, म्हणून यानं नेऊन परत केला, तर व्यापाऱ्यानं काही तक्रार न करता दुसरा बैल दिला. वर म्हणाला, कुणाला बोलू नका, तुमचंच हसं होईल. हा बोलला नाही. सख्ख्या भावालासुद्धा नाही.

मला असं वाटलं की उठून त्या व्यापाऱ्याच्या दोन कानाखाली लावाव्यात. त्याचा धंदा बैलांवर चाललाच नव्हता. फसलेला माणूस लाजेनं गप्प बसतो, त्यावर चालला होता.

"कोर्टात येऊन एवढंच सांगा," मी म्हणाले.

"न्हाई जमायचं, मॅडम. गावात जगू देणार न्हाईत." त्यानं माझ्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाला, "तुमच्या त्या मामांचं नाव आम्ही इकडं बी ऐकून हाव. ते म्हणतील का सगळ्यांसमोर, मी फसलो म्हणून? ते म्हणले तर मी बी म्हणतो."

म्हणजे झालं! सगळा खटला त्या एका वाक्यावर येऊन अडकला. ते मामा बोलले नाहीत तर भरवसा सिद्ध होत नाही, आणि मामा बोलले नाहीत तर हा साक्षीदारही गप्प. मी मामांना जसंच्या तसं सांगितलं, या वेळी न ओरडता. मामा दाव्याचा गोंडा कुरवाळत बसले.

दावा लागल्याला दीड वर्ष झालं तेव्हा मामांची उलटतपासणी आली. गावाकडून एक जीप भरून माणसं आली होती. मामांचा खटला म्हणून बघायला. मला आनंद व्हायच्या ऐवजी धास्ती वाटली, कारण याच लोकांसमोर मामांना ते म्हणायचं होतं. मावशी मागच्या बाकावर भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. लोह्याच्या शेतकऱ्याला मी समन्स काढलं होतं, तोही आला होता. पण आत यायला तयार नव्हता, दाराला टेकून उभा होता.

व्यापाऱ्याचा वकील माझा मित्र आहे, रोज आम्ही एकत्र चहा पितो. हुशार माणूस. त्यानं मामांना आधी मखरात बसवलं.

"तुम्हाला जनावरांची पारख आहे, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?"

"हाव."

"चाळीस वर्षांत किती जोड्या निवडून दिल्या असतील?"

"मोजल्या न्हाईत, साहेब. लई."

"त्यातली एकही चुकली नाही?"

"न्हाई."

मामांची छाती फुगत चालली होती. मागं जीपमधली माणसं माना डोलवत होती. मी टेबलाखाली मुठी आवळल्या.

"मग तुम्ही व्यापाऱ्याच्या सांगण्यावर जनावर घेत नसाल?"

"न्हाई घेत," मामा ठणकावून म्हणाले.

माझा मित्र खाली बसायला लागला. आणखी काय पाहिजे होतं त्याला? न्यायाधीशांनी ते उतरवून घ्यायला सांगितलं. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात मामांना अशा शिव्या घातल्या की त्या लिहिता येणार नाहीत.

"पन ह्या बारीला घेतलं," मामा म्हणाले.

माझा मित्र अर्धवट बसलेला तसाच थांबला.

"जनावर बघायला डोळे लागतात, साहेब. ते मला हायत. दात, खूर, रंग, त्यात मी चुकलो न्हाई. पन औताला बसतंय का, हे डोळ्याला दिसत न्हाई. तिथं मानसाच्या तोंडाकडं बघावं लागतं. ह्यानं पाठीवर हात ठेवला." मामांनी जीपमधल्या माणसांकडे बघितलं, मग मागच्या बाकाकडे. "मी भरवसा ठेवला. घरात इचारलं बी न्हाई. मी फसलो."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "असंच लिहू?"

"लिवा. मोठं लिवा."

कुणी हसलं नाही. जीपमधला एकही माणूस हसला नाही. दारातला धिप्पाड शेतकरी आत आला आणि मला कानात म्हणाला, "मॅडम, मला कवा बोलवताय?"

मामा पिंजऱ्यातून खाली उतरले. मी पुढं होऊन हात धरणार तेवढ्यात मावशी उठल्या, गाठोडं सावरलं आणि म्हणाल्या, "चला, भाकर खाऊन घ्या. सकाळपासून पोटात काही न्हाई तुमच्या."

मामा तिथंच उभे राहिले. बघतच राहिले मावशींकडे. कालवड अजून आलेली नव्हती, खटल्याचा निकाल लागायचा होता, मावशींची अट पुरी झालीच नव्हती. पण त्या बोलल्या. बाहेर कडुनिंबाखाली दोघं जेवायला बसले, आणि मावशी आपल्या एकामागून एक विचारताहेत, चटणी तिखट झाली का, पाणी देऊ का. चाचांनी आपली खुर्ची उचलून झाडाच्या पलीकडे नेली. मी ऑफिसात जाऊन दार लावलं आणि भरपूर रडले. चिडकी माणसं रडतातही लवकर.

लोह्याच्या शेतकऱ्यानं पुढच्या तारखेला स्वच्छ साक्ष दिली. निकाल आमच्या बाजूनं लागला आणि व्यापाऱ्यानं अपील केलं नाही. तो स्वतः टेम्पोतून जनावर घेऊन आला. पावती लिहायला मी गेले होते. कालवड कसली, आता चांगली गाभण गाय झाली होती. टेम्पोचं फळकं उघडलं तशी ती उतरून सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि मावशींनी तिला ओरडत, पुसत, रडत त्या गोंड्याच्या दाव्याला बांधलं. व्यापारी अंगणात मान खाली घालून उभा होता. मामांनी पायातली चप्पल काढली. मी पावती टाकून उठले, कारण बसला तर तुमची चप्पल आन् माझं डोकं, असं तोच म्हणाला होता ना! पण मामा चप्पल उंबऱ्याबाहेर ठेवून आत गेले आणि त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले. जाताना बैलाचा कासरा त्याच्या हातात देत म्हणाले, "ह्याला मारू नको. आन् कुनाला देताना सांगून दे." दावं मात्र दिलं नाही.

पुढच्या पोळ्याच्या आधी मावशींनी मला जेवायला बोलावलं होतं. मामांची जोडी अजून अर्धीच होती. मी ओसरीत ताटावर बसले होते तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. लोह्याचा तो शेतकरी होता, त्यालाही बैल घ्यायचा होता. मागं गावातली चार माणसं दाटीवाटीनं बसली होती, त्यांच्या पायाशी जू आणि वखर टाकलेलं, बाजारातच जुंपून बघायला. कुणी हात ठेवो नाहीतर डोकं ठेवो, आता जुंपल्याशिवाय घ्यायचं नाही, असं म्हणे मामांनी ठरवलं होतं. पुढची सीट रिकामी होती. कुणी बसू नये म्हणून तिच्यावर टॉवेल टाकून ठेवला होता.

मामा टॉवेल उचलून बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, दोन्ही मिळालं की हो." मी मान खाली घालून वरणभात कालवला.

जीप निघाली तशी मावशी हातातलं उलथणं घेऊन दारात धावल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "आन् मला फोन केल्याबिगर काही ठरवू नका!"

"हाव," जीपमधून मामांचा आवाज आला.